लाल कोळी आणि त्याचा बंदोबस्त: बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

कुंडीतला गुलाब, अंगणातली तुळस, परसबागेतली भेंडी-वांगी आणि शेडनेटमधले मिरची-काकडीचे बीजोत्पादन यांमागचे हेतू आणि त्यांवर होणारा खर्च वेगवेगळा असला, तरी होळीनंतर ऊन तापू लागले की मृगाचा पाऊस पडेपर्यंत या सर्वांवर एकच कीड वारंवार आढळते. शेतकरी तिला लाल कोळी म्हणतात. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, पुढे पान तांबूस-करडे होते आणि शेवटी शेंड्याभोवती बारीक जाळी विणली जाते. जाळी डोळ्यांना दिसेपर्यंत किडीच्या काही पिढ्या पूर्ण झालेल्या असतात, आणि त्यामुळे बंदोबस्ताची चर्चा बहुधा घाईत, ‘कोणते औषध मारावे’ या प्रश्नापासून सुरू होते. गेल्या सत्तर वर्षांतील संशोधनाचा रोख मात्र हळूहळू या प्रश्नाच्या मागे असलेल्या प्रश्नांकडे वळला आहे: कीड एवढी वाढली कशामुळे, तिचे नैसर्गिक शत्रू कुठे गेले, आणि फवारणी मुळात करावी की नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला स्थानिक धार आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा भाग आणि बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग यांच्या हवामानात फरक असला, तरी दोन्हीकडचा उन्हाळा कोरडा असतो. घाटाखाली तर पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवे नाही. कोळ्याला मानवणारी हवा हीच. जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि बुलढाणा व जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यामुळे शेतातल्या पिकांसाठी सल्ल्याची सोय आहे, परंतु घरच्या बागेसाठी मिळणारा सल्ला बहुतांशी थंड देशांतील काचगृहांच्या अनुभवावर उभा असतो. या दोन प्रकारच्या सल्ल्यांतील अंतर किती आणि ते कशाने भरून निघेल, हा या आढाव्याचा मुख्य विषय आहे.

किडीची ओळख

कोळी हा कीटक नव्हे. तो अष्टपाद वर्गातला, म्हणजे विंचू आणि गोचीड यांच्या जवळचा प्राणी असून प्रौढावस्थेत त्याला आठ पाय असतात. अंड्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेला मात्र सहाच पाय असतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही, कारण कीटकांच्या मज्जासंस्थेवर नेम धरून बनवलेली अनेक कीटकनाशके कोळ्यावर चालत नाहीत. भाज्या, फुलझाडे आणि घरातील शोभेच्या झाडांवर सर्वाधिक आढळणारी जात टेट्रानिकस अर्टिसी म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी होय. कोख या जर्मन अभ्यासकाने १८३६ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजवर अकराशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झाली आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ती पानाच्या खालच्या बाजूला राहते, तोंडातील सुईसारखे अवयव पेशीत खुपसते आणि हरितद्रव्यासह पेशीतील रस शोषून घेते. रिकाम्या झालेल्या पेशी म्हणजेच पानावर दिसणारे फिकट ठिपके.

तिच्या वाढीचा वेग हे सगळ्या अडचणींचे मूळ आहे. तापमान ३० अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सात-आठ दिवसांत पूर्ण होतो, एक मादी दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालू शकते, आणि नराशी संयोग न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही नर जन्मतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात ही जात सुप्तावस्थेत जाते. विदर्भात तिला ती गरज पडत नाही; येथे तिची संख्या खाली आणतो तो पावसाळा.

जातींची सीमारेषा पूर्णपणे स्पष्ट नाही. उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या लालभडक रूपाला दीर्घकाळ टेट्रानिकस सिनाबॅरिनस ही स्वतंत्र जात मानले गेले. अलीकडचे बहुसंख्य अभ्यासक ते दोन ठिपक्यांच्या कोळ्याचेच रंगरूप मानतात, तरी भारतीय ग्रंथांत दोन्ही नावे अजून चालू आहेत. याखेरीज भेंडी-वांग्यावर टेट्रानिकसच्या इतर जाती आणि संत्रा-लिंबूवर युटेट्रानिकस ओरिएंटॅलिस ही जात आढळते.

मिरचीचा पांढरा किंवा पिवळा कोळी हे वेगळे प्रकरण आहे. तो जाळी करत नाही, शेंड्याच्या कोवळ्या पानांत राहतो आणि त्याच्यामुळे पानांच्या कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसते, तर फूलकिड्यांमुळे पान वरच्या बाजूला वळते. शेतात हे दोन्ही एकत्र असले की पाने वळण्याचा, म्हणजे चुरडा-मुरड्याचा, दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होते, आणि फूलकिड्यांचे औषध कोळ्यावर मारले जाते किंवा याच्या उलट घडते. तुरीवर वांझ रोगाचा विषाणू पसरवणारा असेरिया कजानी हाही कोळीच, पण तो साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा बंदोबस्त प्रामुख्याने रोगप्रतिकारक वाणांनी होतो. घरच्या तुळशीवर ठिपके पडले की ते कोळ्याचेच असतात असे नाही. जाळीदार पंखांचा एक छोटा ढेकूण तुळशीची पाने अशीच पांढुरकी करतो आणि पानाखाली काळे विष्ठेचे ठिपके सोडतो. पान पांढऱ्या कागदावर झटकून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहणे, ही ओळख पटवण्याची सर्वमान्य पद्धत आहे आणि तिच्याबद्दल कोणताही मतभेद नाही.

गौण किडीची प्रमुख कीड कशी झाली

कोळ्याचा उपद्रव जुना आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत लाल कोळ्याची नोंद १८६८ मध्येच झाली होती. परंतु जगभरच्या बहुतेक पिकांवर दुसऱ्या महायुद्धापर्यंत कोळी ही गौण कीड होती, आणि डीडीटी व त्यानंतरची संश्लेषित कीटकनाशके वापरात आल्यावर ती प्रमुख कीड बनली, याबद्दल अभ्यासकांत आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो हे कसे घडले याबद्दल.

सर्वांत जुने आणि सर्वाधिक पुरावा असलेले स्पष्टीकरण परभक्षींच्या नाशाचे आहे. कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी, स्टेथोरस जातीचे मोहरीएवढे काळे ढालकिडे आणि परभक्षी फूलकिडे व्यापक परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांनी मरतात; खुद्द कोळी मात्र त्यातून वाचतो आणि मग त्याला अडवणारे कोणी राहत नाही. दुसरे स्पष्टीकरण असे की काही कीटकनाशकांची अल्प मात्रा कोळ्याच्या प्रजननाला उत्तेजन देते. लकी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये अशा परिणामाला स्वतंत्र संज्ञा दिली. इमिडाक्लोप्रिड दिलेल्या माद्या अधिक अंडी घालतात असे काही प्रयोगांत दिसले, तर इतर काही प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाही. तिसरे स्पष्टीकरण वनस्पतीकडे पाहते. फ्रेंच कृषिशास्त्रज्ञ शाबूसू यांनी असा विचार मांडला की औषधांमुळे पानातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांचे प्रमाण बदलते आणि पान किडीला अधिक पौष्टिक होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एल्म झाडांना भुंगेऱ्यासाठी इमिडाक्लोप्रिड दिल्यानंतर तेथे कोळ्यांचा उद्रेक झाला, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परभक्षींची घट आणि प्रक्रिया केलेल्या पानांवर वाढलेले प्रजनन असे दोन्ही परिणाम दिसून आले. ही स्पष्टीकरणे परस्परांना छेद देत नाहीत; कोणत्या पिकात कोणते किती प्रमाणात लागू आहे, हा प्रश्न उरतो.

बुलढाण्याच्या दृष्टीने या चर्चेचे महत्त्व उघड आहे. कापूस आणि सोयाबीन ही जिल्ह्याची मुख्य पिके, आणि कपाशीवरील मावा, तुडतुडे, फूलकिडे व पांढरी माशी यांच्यासाठी निओनिकोटिनॉइड गटातील तसेच पायरेथ्रॉइड गटातील औषधांचा वापर सर्रास होतो. शेतात किंवा शेजारच्या परसबागेत कोळी वाढल्याची तक्रार आली की आधी काय फवारले होते हे विचारणे म्हणूनच निदानाचा भाग ठरते. अनेक पायरेथ्रॉइड औषधांच्या फवारणीनंतर कोळी वाढतात, ही बाब तर सर्वसाधारणपणे मान्य झालेली आहे.

कोळीनाशकांची बाजू

कोळी मारण्यासाठी खास बनवलेल्या औषधांना कोळीनाशके म्हणतात. डायकोफॉल हे १९५७ च्या सुमारास आलेले औषध अनेक दशके भारतात सर्वाधिक परिचित होते. ते डीडीटीपासून बनत असे आणि पर्यावरणात दीर्घकाळ टिकत असे. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य यादीत त्याचा समावेश झाला आणि २०२३ च्या केंद्रीय आदेशाने भारतात त्यावर बंदी आली. जुन्या पुस्तकांत आणि घडीपत्रिकांत त्याचे नाव अजून सापडते, म्हणून हे मुद्दाम नमूद करणे आवश्यक आहे.

आज उपलब्ध असलेल्यांत प्रोपरगाइट, फेनाझाक्विन, फेनपायरोक्सिमेट, स्पायरोमेसिफेन, हेक्झिथायाझॉक्स, इटोक्साझोल, बायफेनाझेट, अबामेक्टिन, डायफेन्थियुरॉन अशी नावे आहेत आणि पाण्यात विरघळणारे गंधक हे सर्वांत जुने व स्वस्त औषध अजून टिकून आहे. या औषधांच्या बाजूने असलेला युक्तिवाद साधा आहे: उद्रेक झाल्यावर आठवडाभरात पीक वाचवण्याची क्षमता दुसऱ्या कोणत्याही उपायात नाही, आणि यांपैकी काही औषधे परभक्षींना तुलनेने कमी घातक आहेत. हेक्झिथायाझॉक्स आणि इटोक्साझोल ही अंडी व पिल्लांवर काम करतात, प्रौढ मादीला थेट मारत नाहीत. उलट काही औषधे अंड्यांवर चालत नाहीत. म्हणून एकाच फवारणीवर निकाल लावणे चूक ठरते आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा पाहणी करण्याचा सल्ला दिला जातो.

विरोधी बाजूचा मुख्य मुद्दा प्रतिकारक्षमतेचा, म्हणजे औषधाला न जुमानणारी पिढी तयार होण्याचा आहे. दोन ठिपक्यांच्या कोळ्याने नव्वदहून अधिक रसायनांना प्रतिकार दाखवल्याची नोंद आहे, आणि या बाबतीत तो सर्व किडींच्या अगदी पुढच्या रांगेत आहे. संयोगाविना जन्मलेल्या नरात गुणसूत्रांचा एकच संच असल्यामुळे प्रतिकाराचे जनुक त्याच्यात झाकले जात नाही आणि निवड वेगाने होते; त्याला लहान पिढ्यांची आणि शेकडो यजमान वनस्पतींची विषे पचवण्याच्या जुन्या सवयीची जोड मिळते. २०११ मध्ये या कोळ्याचा सुमारे नऊ कोटी अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा विषनिवारक जनुकांचा मोठा साठा त्यात आढळला. यावरचा मान्य उपाय म्हणजे औषधांची फेरपालट, परंतु ती नावांची नव्हे तर क्रियापद्धतीची हवी. फेनाझाक्विन आणि फेनपायरोक्सिमेट ही दोन वेगळ्या बाटल्यांतील औषधे एकाच गटातील आहेत, हे कृषी सेवा केंद्रात उभ्या असलेल्या ग्राहकाला कोणी सांगितले नाही तर त्याची फेरपालट केवळ कागदावर राहते. अनेक औषधे एकत्र करून फवारण्याच्या सवयीबद्दलही मतभेद आहेत. नोंदणीकृत तयार मिश्रणांचे समर्थन होते, मात्र टाकीत स्वतः केलेल्या मिश्रणाचे समर्थन शिफारशींत मिळत नाही.

तिसरा मुद्दा माणसाच्या आरोग्याचा आहे आणि या भागात तो अमूर्त नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली; त्या पाचांत कोळ्यावरही चालणारे डायफेन्थियुरॉन होते. शेतासाठी मंजूर झालेले औषध घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी आणि लहान मुलांच्या वावरात वापरणे अधिकच जोखमीचे आहे. लेबलवर ज्या पिकाचा उल्लेख नाही त्यावर औषध वापरणे नियमबाह्य आहे, आणि घरच्या तुळशीसारख्या पाने थेट खाल्ल्या जाणाऱ्या झाडाला तर कोणतेही कोळीनाशक लावू नये, याबद्दल दुमत नाही.

गंधकाविषयी एक अडचण खास येथील आहे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधकाने पाने भाजतात, वेलवर्गीय भाज्या त्याला विशेष नाजूक असतात, आणि तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे ते वापरता येत नाही. कोळ्याचा उद्रेक मार्च ते मे या काळात होतो आणि नेमक्या याच काळात घाटाखाली दिवसाचे तापमान या मर्यादेच्या बरेच वर असते. फेब्रुवारीत किंवा पाऊस उघडल्यानंतर गंधक उपयोगी पडते. ऐन उन्हाळ्यात त्याची शिफारस सावधगिरीनेच स्वीकारावी लागते.

परभक्षींची बाजू

जैविक नियंत्रणाचा इतिहास योगायोगाने सुरू होतो. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर फायटोसियुलस पर्सिमिलिस हा कोळीखाऊ कोळी सापडला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात हफाकर यांचा संत्र्यांवरील प्रसिद्ध प्रयोग छापून आला, ज्यात भक्ष्य कोळ्याला पसरायला आणि लपायला जागा ठेवली तर भक्ष्य आणि परभक्षी दोघेही टिकून राहतात असे दिसले. १९६७ मध्ये नेदरलँड्समधील काकडी उत्पादक यान कोपर्ट यांनी पर्सिमिलिसचा वापर सुरू केला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. युरोपातील काचगृहांत हा उपाय आज नित्याचा आहे.

मात्र पर्सिमिलिसला दमट हवा लागते. सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली गेली की त्याची बरीच अंडी उबत नाहीत आणि पस्तीस अंशांच्या पुढे त्याचे काम मंदावते, तर लाल कोळी त्याच हवेत जोमाने वाढतो. बुलढाण्याच्या एप्रिलमध्ये हा परभक्षी सोडणे म्हणूनच फारसे आशादायक मानता येत नाही. कोरडेपणा अधिक सोसणारा निओसियुलस कॅलिफोर्निकस आणि भारतातील अनेक पिकांवर आपोआप आढळणारा निओसियुलस लाँगिस्पिनोसस यांकडे संशोधकांचे लक्ष गेले ते याच कारणाने. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातून चालणारा कोळीशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प आणि तेथीलच राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था यांनी देशी परभक्षींवर काम केले आहे. हे परभक्षी पेरणीच्या बियाण्यासारखे तालुक्याच्या दुकानात मिळतील अशी व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही, आणि जिवंत माल उन्हाळ्यात पोचवणे ही त्यातील खरी अडचण आहे.

यातून दोन मते निर्माण होतात. एक मत परभक्षी वाढवून सोडण्याचे, दुसरे जे आहेत त्यांना जपण्याचे. पहिल्याला खर्च आणि पुरवठा यांची मर्यादा आहे. दुसऱ्याला वेळेची, कारण परभक्षींची संख्या किडीच्या मागून वाढते आणि तोवर काही पाने जातात. बुलढाण्याच्या परिस्थितीत दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्याला विकत घेण्याची वस्तू लागत नाही. केवळ इतर किडींसाठी होणाऱ्या अनावश्यक फवारण्या थांबवाव्या लागतात. बव्हेरिया, लेकॅनिसिलियम यांसारख्या बुरशींची उत्पादने बाजारात सहज मिळतात, परंतु बुरशीला रुजण्यासाठी दीर्घकाळ ओलावा लागतो, म्हणून पावसाळी हवेत तिचा उपयोग संभवतो आणि उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

निंबोळी, साबण आणि पाणी

घरच्या बागेसाठी सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय पाण्याचा आहे. जोरदार धारेने पानाची खालची बाजू धुतली की कोळी, अंडी आणि जाळी निघून जातात. नुसता फवारा उडवून हवेतील ओलावा वाढवण्याने फारसे साधत नाही, कारण कोरड्या हवेत तो काही मिनिटांत उडून जातो. धुण्याने संख्या घटते, कीड संपत नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा तरी धुणे आवश्यक मानले जाते. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरने पाणी येते तेथे हा सल्ला देताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. कुंड्या एका ठिकाणी ठेवून धुतलेले पाणी त्यांच्याच मातीत मुरू दिले तर ते वाया जात नाही. अधिक बाधित पाने काढून पिशवीत बंद करणे हा याला जोडून करायचा उपाय आहे.

साबणाचे द्रावण कोळ्याच्या अंगावर पडले तरच काम करते आणि वाळल्यावर त्याचा प्रभाव राहत नाही. एक ते दोन टक्के, म्हणजे एका लिटर पाण्यात दहा ते वीस मिलिलिटर द्रव साबण, हे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. कपडे धुण्याच्या पावडरीने पाने भाजतात. येथे खारपाणपट्ट्याचा विचार करावा लागतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातील अनेक विहिरी व बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे, आणि जड पाण्यात साबणाचा साका होऊन त्याची धार जाते. परदेशी पुस्तकातील प्रमाण येथे अपयशी ठरले तर दोष नेहमी साबणाचा नसतो. साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास ते वापरावे आणि आधी दोन-तीन पानांवर प्रयोग करून पाहावा.

निंबोळी अर्काबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केलेला पाच टक्के अर्क विद्यापीठांच्या शिफारशींत नियमित असतो. तो अंडी घालण्यास आणि खाण्यास प्रतिबंध करतो, परभक्षींना तुलनेने सौम्य आहे आणि त्याचा कच्चा माल बांधावर मिळतो. आक्षेप असा की परिणाम एकसारखा येत नाही. याची कारणे आता बरीचशी उमगलेली आहेत. अझाडिरॅक्टिन हा त्यातील क्रियाशील घटक उन्हात काही दिवसांत नष्ट होतो आणि साठवणीत, विशेषतः दमट जागी बुरशी आल्यावर, कमी होतो. विदर्भात निंबोळी जून-जुलैत पडते आणि कोळी मार्च-एप्रिलमध्ये येतो. म्हणजे अर्क बनवताना निंबोळी आठ-नऊ महिन्यांची जुनी असते. सावलीत वाळवून हवेशीर ठिकाणी ठेवलेली निंबोळी वापरणे आणि संध्याकाळी फवारणे यांनी फरक पडतो. कडुनिंबाचे तेल मुख्यतः किडीचा श्वास कोंडून मारते, आणि ते कडक उन्हात फवारल्यास पाने भाजतात. दशपर्णी अर्क, आंबट ताक, लसूण-मिरचीचा अर्क यांचे अनुभव अनेकांकडे आहेत, परंतु प्रत्येक वेळी त्यांची घडण बदलत असल्याने त्यांची तुलना करणे कठीण जाते.

ऊन, खत आणि धूळ

नत्राची मात्रा वाढली की पानातील नत्र वाढते आणि कोळ्याची अंडी घालण्याची क्षमताही वाढते, याला भरपूर प्रायोगिक आधार आहे. कोळी आलेल्या गुलाबाला टवटवी यावी म्हणून युरिया देणे त्यामुळे उलटे फळ देते. पाण्याच्या ताणाविषयी चित्र इतके सरळ नाही. ताणाखालच्या झाडांवर कोळी वाढतात असा अनुभव सार्वत्रिक आहे, पण प्रयोगांत ताणाची तीव्रता, पीक आणि कोळ्याची जात यांनुसार निष्कर्ष बदलतात आणि मध्यम ताणात कोळी कमी झाल्याचेही आढळले आहे. कच्च्या रस्त्याकडेच्या झाडांवर कोळी अधिक दिसतात. धुळीमुळे परभक्षींची हालचाल आणि शोध अडतो, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

घरातील झाडांबाबत परदेशी सल्ला हिवाळ्यात तापवलेल्या खोल्यांच्या कोरड्या हवेकडे बोट दाखवतो. विदर्भात परिस्थिती वेगळी आहे: उन्हाळ्यात कूलर चालणाऱ्या खोलीतील हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते, आणि खरा धोका तापलेल्या भिंतीला टेकलेल्या गच्चीवरच्या कुंड्यांना असतो. अशा कुंड्या दुपारपुरत्या सावलीत हलवणे हा साधा उपाय आहे.

शेडनेटमधील बीजोत्पादन

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत, जालन्याच्या बियाणे उद्योगाच्या सान्निध्यामुळे, शेडनेटमध्ये संकरित भाजीपाला बीजोत्पादन वाढले. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही बुलढाण्यासह निवडलेल्या जिल्ह्यांत शेडनेटला अनुदान दिले. शेडनेटमध्ये कोळ्याचा प्रश्न तीव्र होण्याची कारणे रचनेतच आहेत. पावसाचा मारा आणि वारा कमी होतो, जाळीमुळे ढालकिडे आत येत नाहीत, आणि कोळी मात्र रोपांवरून, अवजारांवरून आणि कपड्यांवरून सहज शिरतो. परागीकरणाचे काम हाताने होते. ते करणारे मजूर, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, रोज प्रत्येक झाडाला स्पर्श करत ओळीओळीने पुढे सरकतात. त्यामुळे बाधित ओळी शेवटी घेण्याचा क्रम हा विनाखर्चाचा आणि परिणामकारक उपाय ठरतो. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बियाण्याचे पीक खाण्यासाठी नसल्याने अवशेषांचा धाक राहत नाही आणि फवारण्या वाढण्याची शक्यता असते, तर मजुरांना मात्र त्याच पानांत दिवसभर काम करायचे असते. फवारणीनंतर किती तासांनी आत जावे याचे पालन हा किडीच्या बंदोबस्ताचाच भाग मानला गेला पाहिजे.

काय अनिर्णित आहे

चाळीस अंशांच्या पुढच्या कोरड्या हवेत कोणता देशी परभक्षी टिकून कीड आटोक्यात ठेवू शकतो, याचे शेतपातळीवरील उत्तर अजून पक्के झालेले नाही. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे कोणत्या संख्येला फवारणी परवडते, ही शेतपिकांसाठी ठरवता येते. शोभेच्या झाडाला तो मापदंड लागू होत नाही आणि बीजोत्पादनात नुकसान बियाण्याच्या वजनात की उगवणीत मोजावे हे ठरवावे लागते. प्रतिकारक्षमता तालुक्यागणिक बदलू शकते, आणि ती मोजल्याशिवाय फेरपालटीचा सल्ला अंदाजावर चालतो. निंबोळी अर्काची प्रत गावपातळीवर तपासण्याची सोपी पद्धतही हवी आहे.

कृषी विज्ञान केंद्रांनी प्रत्येक तालुक्यातून कोळ्याचे नमुने घेऊन प्रचलित औषधांची चाचणी दरवर्षी केली, तर यांतील निदान एक प्रश्न सुटेल आणि कृषी सेवा केंद्रात दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला आधार मिळेल. तोवर वाचकांनी फेब्रुवारी ते जून या काळात आठवड्यातून एकदा पान उलटून भिंगाखाली पाहावे, आणि कोळ्यांबरोबर काळे ढालकिडे किंवा वेगाने धावणारे परभक्षी कोळी दिसले तर कोणतीही फवारणी न करता केवळ पाण्याने झाड धुऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहणी करावी.